मन थाऱ्यावर नसते तेव्हा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मागे एकदा याच जागी उभी राहून मी उन्हाळी वाळवणांवर बोलले होते. तेव्हा मला मुळीच भीती वाटली नव्हती, कारण पापड-कुरडयांत माझा हात बसलेला आहे. आज मात्र पाय कापत आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

अध्यक्षीणबाईंनी या वर्षी 'घरातील आजारी माणूस' हा विषय ठेवला आणि जिने तिने आपल्या अनुभवाचेच बोलावे असे बजावले. कुणी सासऱ्यांच्या अर्धांगावर बोलल्या, कुणी मधुमेहाच्या पथ्यावर बोलल्या. मी ज्या आजाराविषयी बोलणार आहे तो आमच्या घरात २००६ सालापासून आहे. या मंडळात मी १६ वर्षे येते. या १६ वर्षांत तुमच्यापैकी कुणी "तुमचे धाकटे दीर कुठे असतात हो?" असे विचारले, तर "पुण्याला असतात" असे मी सांगत आले. ते पुण्याला नव्हते. ते आमच्याच घरी, मागच्या खोलीत होते. काही जणींना हे ठाऊक असणार. ठाऊक असूनही तुम्ही पुन्हा विचारले नाहीत, याबद्दल मी आभारी आहे. थोडा रागही आहे, पण तो असो.

आज बोलण्यापूर्वी मी भावजींना विचारले. ते म्हणाले, "सांगा. फक्त माझं नाव घेऊ नका." म्हणून नाव घेत नाही.

आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर ३०० माणसांमागे सुमारे एकाला हा आजार आहे. म्हणजे आपल्या सांगलीत आमचे एकच घर नसणार. सगळ्या आजारावर बोलण्याची माझी पात्रता नाही; ते डॉक्टरांचे काम आहे. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे, कारण ती मला रोज स्वयंपाकघरात भेटते. ती गोष्ट म्हणजे मन भरकटणे.

आता मन भरकटणे ही काही आजाऱ्यांचीच मिरास नाही. परवा गुरुवारी मी आमटीत दोनदा मीठ घातले. हात आमटीत होता आणि मन मुलीच्या परीक्षेच्या फीत होते. आमच्या सासूबाई रोज १०८ मण्यांची माळ ओढीत, आणि डोळे मिटलेले असतानाच मध्येच विचारीत, "दूधवाल्याचे पैसे दिलेस का ग?" माळ मात्र चालूच असे! माझी मुलगी नर्सिंगला आहे. ती मला अशा गोष्टी वाचून मराठीत समजावून देते. तिने सांगितले की अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१० साली २२५० माणसांची अशीच पाहणी केली. दिवसातून केव्हाही त्यांच्या फोनवर विचारायचे, आत्ता तुम्ही काय करीत आहात आणि तुमचे मन त्यातच आहे का? तर १०० पैकी सुमारे ४७ वेळा मन दुसरीकडेच होते. आणि मन दुसरीकडे असताना माणसे त्या मानाने कमी सुखी होती असेही निघाले. मी मुलीला म्हटले, त्यांनी एवढा खर्च कशाला केला, माझ्या आमटीची चव घ्यायची होती. पण खरे सांगते, तो आकडा ऐकून मला धीर आला. निम्मा वेळ सगळ्यांचेच मन घराबाहेर असते. मग भावजींचे आणि आपले वेगळे काय, ते मला समजून घ्यायचे होते.

मी २००१ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा भावजी दहावीला होते. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. माझ्या चहाला नावे ठेवणारे, कृष्णेत तासन्‌तास पोहणारे, गणितात ९० च्या पुढे मार्क मिळवणारे. आमचे हे हळदीच्या पेढीवर दिवाणजी. घरात शिकून पुढे येणार ते भावजीच, असे सगळ्यांनी धरलेले होते. २००६ साली ते बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षी हे सुरू झाले.

सुरू झाले म्हणजे काही आरडाओरडा झाला नाही. मागच्या दारी नळ सोडून ते बादलीपुढे उभे राहत. बादली भरून पाणी वाहू लागे, अंगणभर होई, तरी ते तसेच. हाक मारली तर "हो" म्हणत आणि हलत नसत. जेवायला बसले की घास हातातच राही आणि वरणभात गार होई. आमचे हे म्हणत, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" सासूबाई म्हणत, "बाळा, मन थाऱ्यावर ठेव." आणि मी? मीही तेच म्हणत असे, त्यांच्यापेक्षा मोठ्याने. कुणी म्हणाले प्रेमभंग झाला असेल, कुणी म्हणाले अभ्यासाचा ताण, कुणी म्हणाले नुसता आळस. एका बाईंनी लिंबू उतरून टाकायला सांगितले, ते टाकले. एका गावी अमावास्येला न्यायला सांगितले, तिथे नेले. त्यात वर्ष गेले आणि माझ्या पाटल्या गेल्या.

मग ती दुधाची गोष्ट घडली. माझी मुलगी तेव्हा दीड-दोन वर्षांची होती आणि स्वयंपाकघरातच पाळण्यात झोपली होती. शेगडीवर दूध ठेवून मी भावजींना म्हटले, "एवढं दुधाकडे बघा, मी कपडे वाळत घालून येते." परत येते तो दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, गॅसचा वास घरभर, आणि भावजी शेगडीपासून दोन हातांवर उभे, डोळे दुधाच्या पातेल्याकडेच! मी धावत जाऊन गॅस बंद केला, पोरीला उचलून अंगणात आणले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "जनावराला कळतं, तुम्हाला कळत नाही?"

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

भावजी अंगणात आले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वहिनी, दूध दिसत होतं मला. पण ते लोक बोलत होते ना, त्यांचं संपायची वाट बघत होतो." मी म्हटले, कोण लोक? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मलाच काही समजत नाही. म्हणाले, "म्हणजे? तुमच्या डोक्यात कुणी बोलत नाही?"

भगिनींनो, दीड वर्ष आम्ही सगळे त्यांना "लक्ष कुठे आहे" असे विचारत होतो. प्रश्न बरोबरच होता. पण त्याचे उत्तर ऐकायला एकजणही थांबला नव्हता. त्यांना वाटत होते की सगळ्यांच्याच डोक्यात असे आवाज असतात, आणि ते सांभाळून दूध बघायला बाकीच्यांना जमते, आपल्यालाच तेवढे जमत नाही. म्हणून ते बिचारे शरमेने बोलत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर भले होते. त्यांनी सासूबाईंना पुढे बसवून समजावले. स्किझोफ्रेनिया हा शब्द स्वित्झर्लंडमधल्या ऑयगेन ब्लॉयलर नावाच्या डॉक्टरांनी १९०८ साली काढला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दुभंगलेले मन. त्यावरून पुष्कळांना वाटते की एका माणसात दोन माणसे राहतात, सिनेमात दाखवतात तशी. तसे काही नसते. विचाराला विचार जोडणारा धागा सैल होतो, हे त्या डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. आपण गजरा ओवताना दोरा ओढून धरतो, तो ढिला सोडला की फुले कुठे कुठे सरकतात, तसे मी ते समजून घेतले.

पुढे मुलीने मला आणखी एक सांगितले. माणूस काही न करता नुसता बसलेला असतो तेव्हाही मेंदूचे काही भाग कामात असतात. मार्कस रेकल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००१ साली हे नीट मांडले. आपण आपल्याशीच बोलतो, मागचे आठवतो, उद्याचे मांडे मनात खातो, ते बरेचसे याच भागांचे काम. आपण तांदूळ निवडायला घेतले, हिशेब करायला घेतला, की हे भाग आपोआप शांत होतात. २००९ साली अमेरिकेतल्याच शास्त्रज्ञांना असे दिसले की या आजाराच्या माणसांत काम चालू असतानाही ते भाग हवे तितके शांत होत नाहीत. मी मुलीला म्हटले, म्हणजे शेजारच्या खोलीत रेडिओ मोठ्याने लागलेला आहे आणि त्याचे बटणच फिरत नाही, असेच ना? ती म्हणाली, "आई, जवळजवळ तसंच." त्याच पाहणीत आजाऱ्यांच्या रक्ताच्या जवळच्या निरोगी नातेवाइकांतही याची थोडी झाक दिसली. हे ऐकल्यावर आमचे हे दोन दिवस गप्प होते. पण झाक दिसली म्हणजे आजार झाला असे नव्हे.

कोरियातल्या सेऊलच्या डॉक्टरांनी २०१५ साली या आजाराच्या लोकांना आणि निरोगी लोकांना मन किती वेळा भरकटते ते विचारून ताडून पाहिले. आजाऱ्यांचे जास्त भरकटत होते, आणि ज्यांना भास-संशय जास्त त्यांचे आणखी जास्त. माझा अनुभव याला जुळतो. ज्या आठवड्यात आवाज वाढतात त्या आठवड्यात भावजींकडून साध्या लसणाच्या चार पाकळ्याही सोलून होत नाहीत.

औषधांविषयी थोडेच सांगते. या आजारावर खरे लागू पडणारे पहिले औषध १९५२ साली फ्रान्समध्ये वापरात आले. त्याआधी माणसाला कोंडून ठेवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातीही फारसे काही नव्हते. भावजींचे आवाज औषधाने महिन्या-दोन महिन्यांत पुष्कळ कमी झाले. पण लक्ष तितके परत आले नाही. डॉक्टरांनी हे आधी सांगून ठेवले होते, तरी आम्ही वाट बघत राहिलो की आता गोळ्या सुरू झाल्या, आता हे पूर्वीसारखे गणिते सोडवतील. सासूबाई तर शेवटपर्यंत वाट बघत होत्या. औषधाने वजन वाढते, साखर वाढते, म्हणून रक्त तपासून घ्यावे लागते. आणि गोळी बंद करायची नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. पाणी घरात शिरले तेव्हा आम्ही पोरीचे दप्तर, दागिन्यांचा डबा आणि सासूबाईंचे देव घेऊन शाळेत राहायला गेलो. गोळ्या कपाटात राहिल्या. बरेच दिवस गोळी मिळाली नाही आणि गणपती यायच्या आत आवाज परत आले. ते पुन्हा खाली जायला दिवाळी उलटली. तेव्हापासून गोळ्यांचे पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खुंटीला अडकवलेली असते. देव मागून आणता येतात.

आता मला जे मुख्य सांगायचे आहे ते सांगते. पुष्कळ वर्षे मी भावजींच्या प्रत्येक गप्प बसण्याला आजारच समजत होते. नळापुढे उभे राहिले, आजार. खिडकीतून बघत बसले, आजार. हळूहळू माझ्या ध्यानात आले की हे सगळे एकच नाही. आवाज ऐकत असतात तेव्हा मान किंचित एका बाजूला कललेली असते, ओठ हलतात, मध्येच हसू येते, आणि त्या हसण्याचा आपल्या बोलण्याशी काही संबंध नसतो. कधी कधी बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर तुटते आणि चेहरा एकदम कोरा होतो. त्यांना विचारले तेव्हा म्हणाले, "विचार होता वहिनी, कुणीतरी काढून नेला." आपण स्वयंपाकघरात येतो आणि कशाला आलो ते विसरतो ना? पण आपण म्हणतो 'मी विसरले'. त्यांना वाटते 'कुणीतरी नेले'. फरक आहे तो इथे. आपले मन हिंडून आले तरी ते आपलेच असते, त्यांना ते आपले वाटत नाही. काही दिवस तर मन कुठे जातही नाही. उठावेसे वाटत नाही, आंघोळ करावीशी वाटत नाही, आत सगळे रिकामे. त्याला मी आळस म्हणत होते. आणि सकाळच्या पहिल्या प्रहरात नुसती गोळीची गुंगी असते.

पण या सगळ्याखेरीज आणखी एक प्रकार आहे, तो मला फार उशिरा समजला. एकदा दुपारी भावजी मागच्या दारी उभे होते. अर्धा तास झाला, हलेनात. मला धडकी भरली. मी पेढीवर फोन केला. आमचे हे काम टाकून स्कूटरवरून आले, चेहरा पांढराफटक. दोघेही आम्ही त्यांच्या दोन बाजूंना उभे. "काय होतंय? आवाज येतात का? गोळी घेतली होतीस का?" असे प्रश्नांवर प्रश्न. भावजींनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काही नाही. आम्ही पोहायला जायचो ते आठवत होतं. आठवायचं पण नाही का मी?"

आमचे हे जे वळले ते सरळ बाहेर निघून गेले. नदीवर जाऊन बसले होते असे मला रात्री समजले. पोहायला ते दोघे भाऊ बरोबरच जात.

मी आमटीत दोनदा मीठ घातले तर घरात हसतात. भावजींनी तेच केले तर डॉक्टरांना फोन होतो. त्या माणसाला आम्ही साधी तंद्री लागायचीही सोय ठेवली नव्हती. घटकाभर कुठे तरी मनाने जाऊन यावे, हे तुम्हाआम्हाला फुकट मिळते. त्यांना त्याचाही जबाब द्यावा लागत होता. तेव्हापासून मी घाबरून प्रश्न विचारायचे सोडले. जवळ जाऊन बसते, हातात शेंगा किंवा लसूण घेते, आणि थोड्या वेळाने विचारते, "कुठे गेला होता?" कधी ते सांगतात, कधी "तिकडेच" म्हणतात. 'तिकडेच' म्हणाले की मी समजते, आवाज आहेत. दोन दिवस सारखे 'तिकडेच' आले तर डॉक्टरांकडे नेते.

ज्यांच्या घरी असे कुणी असेल त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहारातल्या गोष्टी सांगते. मागून हाक मारू नये, समोर जावे, आधी नाव घ्यावे आणि त्यांनी आपल्याकडे बघितले की मग बोलावे. एका वेळी एकच काम सांगावे. "भाजी आणा, येताना दळण घ्या आणि वाण्याला निरोप द्या" असे सांगितले की तिन्ही जातात आणि माणूस चौकात उभा राहतो. एक सांगून झाले की उत्तराला वेळ द्यावा. मनात दहा आकडे मोजावेत. मी आधी तीनपर्यंतही थांबत नसे. आमच्या स्वयंपाकघरात मुलीची जुनी पाटी आहे. तिच्यावर सकाळी मी खडूने लिहिते: आंघोळ, चहा, गोळी, झाडांना पाणी. मन कुठे गेले तरी परत आल्यावर पाटी तिथेच असते, मला विचारावे लागत नाही, त्यामुळे त्यांचा मानही राहतो. समोरासमोर बसून हाताने करायची कामे, म्हणजे मटार सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे, त्यांना चांगली जमतात. गॅसपाशी मात्र मी त्यांना अजूनही एकटे सोडत नाही. माया वेगळी आणि गॅस वेगळा.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन नावाची संस्था आहे. कॅनडात प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनी ती काढली. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट आला, तो मुलीने मला फोनवर लावून दिला. अतुल कुलकर्णी यांनी त्यात आजारी भावाचे काम केले आहे आणि सोनाली कुलकर्णी त्याची बहीण आहे. मी तो दोन बैठकींत पाहिला, एका बैठकीत बघवला नाही. पुष्कळ घरांत हे काम बहिणीच्या नव्हे, वहिनीच्या वाट्याला येते, एवढेच मी म्हणते. ज्यांना कुणाशी बोलायचे असेल आणि ओळखीच्या माणसाशी बोलायची लाज वाटत असेल त्यांच्यासाठी सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेलिमानस सुरू केले आहे. नंबर १४४१६. मराठीत बोलता येते.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मी शेवटी ठेवली, कारण आधी सांगितली असती तर पुढचे बोलता आले नसते.

२००९ साली माझ्या नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. स्थळ चांगले होते. सासूबाई म्हणाल्या, बाळाला तेवढा वेळ वर ठेव. मी भावजींना माडीवरच्या खोलीत नेले, पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाहेरून कडी घातली. कडी मी घातली, सासूबाईंनी नव्हे. पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला, बोलणी लांबली. चार तास झाले. वरून एवढासाही आवाज आला नाही. पाहुणे गेल्यावर मी वर गेले तर भावजी पलंगावर ताठ बसलेले होते, अगदी शाळेत बसावे तसे. म्हणाले, "गेले का पाहुणे? मी हललो नाही वहिनी."

म्हणजे चार तास त्यांचे मन एकाच जागी होते. भरकटले नाही. त्याला त्यांना किती कष्ट पडले असतील, ते आज मला कळते.

तामिळनाडूत एरवाडी येथे २००१ च्या ऑगस्टमध्ये साखळदंडाने बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले. २०१७ सालच्या कायद्याने आता मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी केली आहे. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा मी म्हटले, कोण बांधत असतील ग अशी माणसे? ती काही बोलली नाही. तिला माडीवरची कडी माहीत नव्हती. मला माहीत होती.

त्या मुलीचे आता शिक्षण संपत आले. आणखी वर्ष-दोन वर्षांत आमच्याकडेही पाहुणे येतील. सख्ख्या काकाला हा आजार असला तर पुतणीला तो होण्याचा संभव शंभरात सुमारे चार, असे डॉक्टरांनी सांगितले. जे येतील त्यांना मी चार सांगणार आणि शहाण्णवही सांगणार. आमचे हे म्हणतात, आधीच कशाला सांगायचे? त्यांच्याशी माझा या बाबतीत अजून वाद चालू आहे. पण पाहुण्यांना पोह्यांच्या बशा भावजीच नेऊन देतील, हे मुलीने सांगून टाकले आहे. मध्येच थांबले तर ती बरोबर असेल.

माझा वेळ संपला, अध्यक्षीणबाई दोनदा घड्याळाकडे बघून झाल्या. आज मला इथवर सोडायला भावजीच आले आहेत. आत या म्हटले तर नको म्हणाले. बाहेर पायरीवर बसले आहेत. सभा संपल्यावर चहा होईल तेव्हा कुणी तरी एक कप त्यांना नेऊन द्यावा. समोरून जावे, आणि साखर कमी घालावी.